राजमठातला माझा आवाज

माझा आवाज तीन-चार वर्षं राजमठात नोकरीला होता. मी सौसरच्या शाळेत पोरांना भागाकार शिकवत असायचो आणि त्याच वेळी तिकडे रामाकोन्याच्या पुढे, कन्हान नदीच्या काठी, अनोळखी माणसांच्या कानात बसून त्यांना एका राजाचं मोठेपण पटवून देत असायचो. ऐंशीच्या दशकातल्या मधल्या वर्षांची ही गोष्ट. आमच्या घराण्यात एवढा मान कोणाला मिळाला नव्हता. तो मला मिळाला आणि मी तो दोन्ही हातांनी घेतला, याचा राग मला अजून येतो. राग काढायला दुसरं कोणी सापडत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

राजमठ हे नाव मोठं, मठ बेताचा. एका राजाने तो बांधून महंतांना दिला, एवढं सर्वांना मान्य होतं. कोणत्या राजाने, यावर तालुक्यात तीन मतं होती, आणि तिन्ही मतांची माणसं या विषयावर चहा अर्धा टाकून उठत. मधोमध पहिल्या महंतांची समाधी, तिच्या चारही बाजूंनी दगडी ओवऱ्या, ओवऱ्यांना लागून खोल्या, आणि पुढे महाद्वार. या महाद्वारातून हत्ती आत जात असे असं सांगायचे. कडब्याची बैलगाडी त्यात अडकलेली मी रस्त्यावरून स्वतः पाहिली आहे. महंतांची गादी केव्हाच रिकामी पडली होती. कारभार विश्वस्त मंडळाकडे होता, आणि मंडळ म्हणजे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले एक सचिव. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले होते. आता अर्ज येत नव्हते, म्हणून त्यांनी इतिहास हातात घेतला होता.

टेपची कल्पना मात्र सचिवांची नव्हती. ती एका जावयाची होती. पांढुर्ण्याच्या एका मोठ्या संत्रा व्यापाऱ्याचे जावई इंजिनिअर होते आणि कंपनीच्या कामाने सहा महिने युरोपात राहून आले होते. तिथे त्यांनी राजाने बांधलेला एक जुना मठ पाहिला. दारातच गळ्यात एक छोटा टेप अडकवतात, कानाला हेडफोन लावतात, आणि मग यंत्र सांगेल तसं आपण एकट्याने फिरायचं. सोबत माणूस नाही, बडबड नाही, कोणी मागे लागत नाही. आपल्याकडेही असं का नको, असं जावई अधिकमासाच्या जेवणात म्हणाले. अधिकमासात पाटावर बसलेला जावई जे बोलतो त्याला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. सासऱ्यांनी तिथल्या तिथे मठाला चार जपानी टेप आणि चार हेडफोन द्यायचं कबूल केलं आणि अनारशांचं ताट पुढे सरकवलं. आमच्या तालुक्यात आधुनिक युग आलं ते असं.

फिरायचा मार्गही जावयांनीच आखला. एका दुपारी मठ रिकामा असताना ते घड्याळ लावून, बूट घालूनच, सगळ्या ओवऱ्यांतून चालले. महाद्वारातून आत, मग उजवीकडे. आधी राजाची बैठक, मग पोथ्यांची खोली, मग मागची भिंत, तिथून वळून धान्याचं कोठार, मग मुदपाकखाना, की परत दाराशी. कुठे किती मिनिटं थांबायचं, दोन खोल्यांमध्ये किती सेकंद लागतात, सगळं वहीत उतरवून घेतलं. मजकूर सचिवांनी लिहिला. राहिला आवाज.

माझ्या आवाजाबद्दल मीच बोलणं बरं दिसत नाही, पण त्या काळी मी फार करून त्याबद्दलच बोलत असे. शाळेच्या पंधरा ऑगस्टचं निवेदन माझ्याकडे असायचं. रेडिओवरच्या बातम्या ऐकून ऐकून मी घरची बोली जिभेवरून अशी घासून काढली होती की नवी पोरं मला पुण्याकडचा समजत, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नसे. त्या वर्षी सचिव पाहुणे म्हणून आले होते. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी मला बोलावलं, आडनाव विचारलं, ते ऐकून जरा थांबले आणि मग पाठ थोपटली.

"आवाजाचं काय आहे मास्तर," ते म्हणाले, "आवाज कोणाचाही चालते."

आम्ही बौद्ध. माझ्या बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होतो. सचिवांच्या त्या वाक्याचा अर्थ मला कळला नाही असं नाही. कळला, आणि मी म्हणालो, "कधी येऊ?"

ध्वनिमुद्रण मे महिन्यात झालं, पांढुर्ण्याला, व्यापाऱ्याच्या माडीवर. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खिडक्यांना गाद्या टांगल्या होत्या आणि पंख्याची घरघर नको म्हणून पंखा बंद. विदर्भाच्या उन्हाला मध्य प्रदेशाची हद्द कळत नाही. मी बनियनवर बसून घाम पुसत "आता आपण शीतल अशा ओवरीत प्रवेश करीत आहोत" असं वाचत होतो. जावई घड्याळ धरून उभे, सचिव कागद पुरवायला बसलेले. खालच्या मजल्यावर व्यापाऱ्याच्या सौभाग्यवतींनी डाळीचा कुकर लावला होता, त्याच्या तीन शिट्ट्या राजाच्या बैठकीच्या मजकुरात शिरल्या. टेप पुसून पुन्हा भरायची कोणाची छाती झाली नाही. मी ज्या मठाचं वर्णन करत होतो तो आतून कधी पाहिलाही नव्हता. कायद्याने दार उघडं होतं, पण आमच्यातलं कोणी जात नसे. समाधीशी आमचं काही काम नव्हतं, आणि मठाशी जे काम होतं ते बाबांच्या लहानपणी होऊन गेलं होतं.

ते काम मागच्या भिंतीपाशी होतं. सचिवांनी तो कागद माझ्या हातात दिला आणि माझी नजर पहिल्या ओळीवरच अडली.

"आपल्यासमोर जो झरोका आहे, तो राजाच्या औदार्याची साक्ष देत आहे. या झरोक्यातून गोरगरिबांस नित्य अन्नदान होत असे. येथून कोणीही कधी रिकाम्या हाताने परतला नाही."

हा झरोका मला माहीत होता. माझ्या आज्याचं घर मठाच्या पाठीमागच्या वस्तीत होतं. पुढे आजा कुटुंब घेऊन पांढुर्ण्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमालीला आला, पण त्याआधी आजी मठाच्या वावरात निंदण करायची. तिच्या मजुरीत एक भाग त्या झरोक्यातून यायचा. आत पंगत उठली की दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, उरलेलं तिथून बाहेर द्यायचे. लांब दांड्याची एक पळी बाहेर यायची आणि उलटी व्हायची. दांडा लांब एवढ्यासाठी की हाताला हात लागू नये. खाली फडकं धरलेलं असलं तर फडक्यात, नाही तर मातीत. बाबा तेव्हा पाच-सहा वर्षांचे होते आणि आजी कामावर असल्यामुळे फडकं धरायला तेच जायचे. घरी आणण्यापूर्वी वास घ्यायचा, फार आंबलं असेल तर नदीत टाकायचं, असं आजीने त्यांना शिकवलं होतं. हे सगळं बाबांनी मला एकदाच सांगितलं होतं, मी मॅट्रिक झालो त्या दिवशी.

मी सचिवांना विचारलं, "हे असंच होतं का? नक्की?"

"मास्तर, तुम्हाले वाचाचं हाय," सचिव म्हणाले. "लिहाचं नाही."

मी वाचलं. टेप लावण्याआधी एकदा वाचलं ते जावयांना कोरडं वाटलं. ते म्हणाले, "थोडा भाव येऊ द्या ना. इथे ऐकणाऱ्याला भरून आलं पाहिजे." मग मी पुन्हा वाचलं. "कोणीही" या शब्दावर आवाज किंचित कापरा केला, "रिकाम्या हाताने" म्हणण्याआधी दम घेतला. जावयांनी मान डोलावली. सचिवांनी चष्मा काढून पुसला. मला त्या क्षणी वाईट वाटलं असेल असं वाचकांना वाटेल, म्हणून सांगतो, मला छान वाटलं होतं. वाईट खाली उतरताना जिन्यात वाटलं. तेव्हा मी मनाशी एवढंच ठरवलं की बाबांच्या कानावर ही टेप पडता कामा नये.

टेपच्या शेवटी निवेदकाचं नाव असेल अशी माझी एक भाबडी समजूत होती. राजाचं आलं, महंतांचं आलं, व्यापाऱ्यांचं आलं, जावयांचं शिक्षणासकट आलं, सचिवांचं दोनदा आलं. माझ्या नावाला म्हणे टेपमध्ये जागा पुरली नाही. पुढची वीस मिनिटं ती टेप नुसती खरखरत असे.

दसऱ्याला टेप सुरू झाले. ते कोणी पळवून नेऊ नयेत म्हणून सचिवांनी अस्सल आपल्याकडची युक्ती काढली. टेप घेताना माणसाने एक चप्पल कचेरीत जमा करायची. एकच. दुसरी बाहेर पायरीवर. एका चपलेवर घरी कोणी जात नाही आणि एक चप्पल कोणी चोरत नाही, हा त्यांचा अनुभव होता. कचेरीत फळीवर एकेकट्या चपला ओळीने मांडलेल्या असायच्या आणि सचिव त्यांच्यासमोर बसून पेपर वाचायचे.

पण मोठी गंमत पुढेच होती, आणि ती जावयांच्या वहीत नव्हती. जावई उजवीकडे वळले होते, कारण युरोपातल्या मठात उजवीकडे वळले होते. आमच्याकडचा माणूस कुठल्याही समाधीसमोर आला की हात जोडतो आणि डावीकडे वळतो, कारण समाधी उजव्या हाताला ठेवूनच प्रदक्षिणा घालायची असते. हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, त्याचे पायच तसे वळतात. कानात मी ओरडून "उजवीकडे वळा" म्हणत होतो आणि सगळा तालुका डावीकडे वळत होता. रामाकोन्याच्या एका आजीबाईंनी सचिवांना ठणकावलं होतं, "यंत्राले काय समजते? त्याले कोणतं पुण्य कमवाचं हाय?"

त्यामुळे झालं काय, की लोक मुदपाकखान्यात शिरायचे आणि मी त्यांना सांगायचो, ही राजाची बैठक. समोर चुलीचा मोठा दगडी ओटा. मी सांगायचो, याच आसनावर बसून राजा न्याय करीत असे. लोक ओट्यापुढे माथा टेकायचे. वर्षभरात त्या ओट्यावर हळद-कुंकू चढलं, नंतर झेंडूचा हार आला. वर कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू यायच्या. त्या मात्र तिथे अगदी शोभून दिसत. धान्याच्या कोठारात लोक माझ्याकडून दुर्मीळ पोथ्यांचं वर्णन ऐकायचे आणि उंदरांनी खाल्ल्या असतील म्हणून हळहळायचे. आणि राजाची खरी बैठक होती तिथे मी सांगायचो की येथे हजार माणसांचा स्वयंपाक रांधला जाई, तेव्हा लोक वरचं स्वच्छ छत पाहून थक्क व्हायचे. एवढ्या चुली पेटल्या आणि छताला काजळी नाही, राजाचं पुण्य पाहा.

सचिवांना हे कळलं तेव्हा महिने लोटले होते. टेप नव्याने भरायची म्हणजे जावयाचा मार्ग चुकला असं म्हणायचं. ते कोण म्हणणार? सचिवांनी बाणाचा एक बोर्ड रंगवून लावला. कानात यंत्र असलेला माणूस बोर्ड वाचत नाही. पुढे पुढे सेलही वेळेवर बदलेनात. सेल उतरले की माझा आवाज लांबत, खोल जात, रेड्यासारखा व्हायचा, आणि राजाचं औदार्य संपता संपत नसे. हे सगळं मला सचिव बाजारात भेटले की सांगायचे, आणि आम्ही दोघं हसायचो. त्यांच्यासोबत हसायला मिळतं याचंही मला तेव्हा अप्रूप होतं.

या उलट्यासुलट्या कारभारात टेप आणि माणूस यांची गाठ एकाच जागी पडायची. डावीकडून जा की उजवीकडून, मागची भिंत अर्ध्या वाटेवरच येते. सबंध मठात मी जिथल्या तिथे बोलत होतो ते फक्त झरोक्यापाशी. आणि जे बोलत होतो तेवढंच धडधडीत खोटं होतं.

बाबांना बातमी पांढुर्ण्याच्या बाजारात लागली. मी रविवारी घरी गेलो तर दारातच म्हणाले, "काय बे मास्तर, लोकं तुहा आवाज कानात घालून फिरून राहिले म्हणे. आन् बापाले पत्ताच नाही."

"काही खास नाही बाबा," मी म्हणालो. "जुन्या गोष्टी आहेत."

"जुन्याच तर आयकाच्या हायेत मले. मठ आतून पाहाचा राहिला माहा. कवा नेतं?"

मग मी जे सुरू केलं त्याला खोटं बोलण्याचा उद्योग म्हणतात. आधी सेल मिळत नव्हते. मग टेप दुरुस्तीला नागपूरला गेले होते. मग पोळा आला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सावरगावकडच्यांनी आणि आमच्याकडच्यांनी दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे जाम नदीच्या पात्रातून दगड मारून एकमेकांची डोकी फोडली, त्यात शेजारच्या काकाला टाके पडले, तेव्हा दोन आठवडे बाबा त्याच्या सेवेत होते. मग दिवाळी. मग परीक्षा. बाबा दर वेळी "बरं" म्हणायचे. जिनिंगमध्ये तीस वर्षं गाठी उचललेला माणूस, वाट पाहणं त्याला कठीण नव्हतं. कठीण मला जात होतं. त्यांनी मला शिकवलं ते पोटाला चिमटा घेऊन, आणि शिकून मी काय वाचलं ते त्यांनी ऐकलं तर माझ्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, या विचाराने मी रविवारी घरी जाणंच कमी केलं.

शेवटी एका सकाळी ते स्वतःच सौसरला आले. जामसांवलीच्या मारुतीला निघालेल्या गर्दीत उभ्याने प्रवास करून, धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, पायात मी दिवाळीला घेतलेल्या चपला.

"चाल," ते म्हणाले. "आज रविवार हाय, परीक्षा नाही, पोळा नाही, आन् टेप चालू हाय. मी मोटारीत विचारलं एका जनाले."

सचिवांनी आमचं फारच अगत्याने स्वागत केलं. इतकं अगत्य की बाबा मागे वळून पाहू लागले, आणखी कोणी आलं आहे की काय. "या बाबा, या. आता काही भेदभाव नाही राहिला," सचिव म्हणाले. "यंत्र सगळ्यायले सारखंच सांगते." बाबांनी एक चप्पल काढून दिली. सचिवांनी ती कागदाने धरून फळीवर ठेवली. दुसऱ्यांच्या चपला ते हाताने ठेवत होते, हे बाबांनी पाहिलं की नाही मला माहीत नाही. मी पाहिलं.

बाबांनी टोपीवरूनच हेडफोन चढवला. मी बटण दाबलं. क्षणभर काही नाही, आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बोलून राहिला!" ते मोठ्याने ओरडले. कानात आवाज असला की माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही. "तूच हायेस! साफ बोलतं रे!"

आणि मग टेपने सांगितलं उजवीकडे वळा, आणि बाबा उजवीकडे वळले. त्यांना समाधीला प्रदक्षिणा घालायची नव्हती. पोराने सांगितलं उजवीकडे, म्हणजे उजवीकडे. त्या मठात टेपचं ऐकणारा पहिला माणूस बहुधा तोच. समोरून येणारे लोक त्यांच्याकडे रागाने पाहत होते, म्हातारा माणूस आणि उलटा फेरा घालतो. बाबा मात्र राजाच्या खऱ्याखुऱ्या बैठकीसमोर उभे राहून माझं खरंखुरं वर्णन ऐकत होते.

"राजा येवढ्याशा जाग्यावर बसे?" ते मला ओरडून म्हणाले. "आन् कुकर कायले लावला त्यानं?"

मला हसू आलं. मी त्यांना म्हणालो, बाबा, पुढचं काही विशेष नाही, चला, बाहेर चहा घेऊ. त्यांना ऐकू आलं नाही. पोथ्यांच्या खोलीत ते पूर्ण वेळ थांबले. मग मागच्या भिंतीकडे वळले, आणि मी त्यांच्या मागे.

झरोका मी पहिल्यांदा पाहत होतो. आतून तो माझ्या कमरेएवढ्या उंचीवर होता. आतली जमीन चांगली उंच, बाहेरची खोल. आतल्या माणसाला वाकावंही लागत नसेल. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. टेपमधला मजकूर मला पाठ होता, त्यामुळे आता काय चाललं आहे ते मला त्यांच्या चेहऱ्यावर मोजता येत होतं. आता औदार्य. आता नित्य अन्नदान. आता आवाज कापरा झाला. आता आवाज कापरा झाला.

त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, राग असता तर मी कसाही निभावून नेला असता. ते काहीतरी तपासून पाहिल्यासारखे पाहत होते, मी विसरलो की मला ठाऊकच नव्हतं. मग त्यांना आठवलं असावं, मॅट्रिकचा दिवस.

"लिहून देल्लं असन त्यायनं," ते म्हणाले.

मी हो म्हणालो.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक बाई आल्या. चाळिशीच्या, हातात प्रसादाचा द्रोण, कानाला हेडफोन. प्रदक्षिणेच्या वाटेने आलेल्या, त्यामुळे झरोक्यापाशी आमची गाठ पडणारच होती. त्या थांबल्या आणि झरोक्याकडे पाहू लागल्या. बाबांना वाटलं, माणूस भेटला.

"बाई, हे खरं नाही बरं," बाबा त्यांना म्हणाले. अगदी सौम्यपणे, चुकलेल्या वाटसरूला रस्ता सांगावा तसं. "मी होतो न तिथीसा, त्या बाहीर. येवढा होतो. आमी फुकट नाही घेतलं. माही माय मठाच्या वावरात निंदण करे, त्याचं होतं ते. आन् शिळं राहे, दोन दोन दिवसाचं. पळीनं टाकत वरून, हात नाही लागू देत. फडकं नाही पुरलं त मातीत पडे. मातीतलं उचलून नेलं हाये मी."

माझ्या बाबांनी ही गोष्ट आयुष्यात दुसऱ्यांदा सांगितली ती अशी, एका परक्या बाईला. बाई त्यांच्याकडे पाहून मान हलवत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. एक क्षण मला वाटलं, ऐकत आहेत. मग लक्षात आलं, त्यांच्या कानात मी होतो. बाबांचा एक शब्द आत जात नव्हता. हात पुढे करून त्यांचा हेडफोन काढायला मला एक पाऊल टाकायचं होतं. ते मी टाकलं नाही. परक्या बाईंच्या कानाला हात कसा लावायचा, असं मी स्वतःला सांगितलं. पुढे कितीतरी वर्षं सांगत होतो.

"असा हात वर करो मी," बाबा म्हणाले, आणि त्यांनी झरोक्याच्या दिशेने हात उंचावून ओंजळीसारखा वाकवून दाखवला. "असा."

बाईंनी द्रोणातला एक पेढा घेतला आणि त्या हातावर ठेवला.

बाबा तसेच उभे राहिले. मग त्यांनी हात खाली आणला, पेढा नाकाशी नेला आणि वास घेतला.

"ताजा हाये," ते मला म्हणाले.

बाईंनी एका कानावरचा हेडफोन सरकवला. पदराने डोळे पुसले. "तुम्ही आयकलं का नाही बाबा?" त्या म्हणाल्या. "मशीन गळ्यात लटकवून ठेवली तुम्ही त. लावा न कानाले. लय मनापासून सांगतलं हाये इथचं. असं वाटते का जसं त्या माणसानं सोता पाह्यलं."

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी आज सुखी असतो.

"सांगणारा माहा पोरगा हाये," ते म्हणाले. "हाच."

बाईंनी द्रोण खाली ठेवला आणि मला वाकून नमस्कार केला. मी हात जोडून तो घेतला.